वाद्यांनीं केलेली सैन्यभरती

चौकटींत जडविलेलें एक छायाचित्र आमच्यापुढें आहे. पहिल्या महायुद्धांत, १९१८ सालीं, पॅरिसमधील एका रुग्णालयाच्या अंगणांत लेफ्टनंट जेम्स रीस युरोप ह्यांचे कृष्णवर्णीय वादक जखमी अमेरिकन शिपायांस वाद्यें ऐकवीत आहेत.

न्यूयॉर्कच्या पंधराव्या पलटणीस शिपाई मिळावेत म्हणून कर्नल हेवर्ड ह्यांनीं युरोप ह्यांजकडून हा बँड उभा करविला. त्याच्या सुरांनीं हार्लेमचे तरुण भरतीस आले. परंतु स्वदेशाच्या सैन्यांत त्यांस गोऱ्यांच्या बरोबरीचें स्थान नव्हतें. म्हणून पलटण फ्रेंच सेनेकडे सोंपविण्यांत आली. ती १९१ दिवस आघाडीवर राहिली व फ्रान्सनें तिला शौर्यपदक अर्पिलें.

१७ फेब्रुवारी १९१९ रोजीं न्यूयॉर्कनें तिचें थाटानें स्वागत केलें. देशानें समान हक्क मात्र दिले नाहींत. वाजंत्री लावून आमंत्रण देणें सोपें. आलेल्यास आपल्या पंगतीस बसविणें कठीण, हेंच हें चित्र आम्हांस सांगतें.