सुरक्षा अधिकारी (कारखाना)
सुरक्षा अधिकारी : कारखान्यातील अपघात व व्यवसायजन्य आजार टाळण्यासाठी नेमलेला जाणकार. 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 40-ब नुसार हजार किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात त्याची नेमणूक सक्तीची ठरली. अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे येथील जिनिंग-प्रेसिंगसारखे हंगामी, लहान उद्योग या मर्यादेच्या बाहेर राहत, आणि ही उणीव गंभीर होती. तिथले धोके लहान नाहीत. सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यांचे फिरते रूळ हात ओढून घेतात, तंतुमय धूळ फुप्फुसात जाते, कापसात आलेल्या खड्याची किंवा लोखंडाची ठिणगी पडली की रुईचा ढीग पेटतो. याच कायद्याचे कलम 27 कापूस उकलणाऱ्या यंत्राजवळ स्त्रिया व मुलांना कामास मनाई करीत असे.

अशा ठिकाणी प्रथमोपचार शिकलेला एखादा मुकादम किंवा फिटर स्वेच्छेने सुरक्षा अधिकाऱ्याचे काम करू शकतो. त्याच कायद्याच्या कलम 45 नुसार दर 150 कामगारांमागे प्रथमोपचार पेटी आवश्यक असे. सुरक्षेच्या प्रसारासाठी राष्ट्रीय सुरक्षा परिषद 4 मार्च 1966 रोजी स्थापन झाली. त्या स्थापनेची आठवण म्हणून दरवर्षी त्या तारखेपासून सुरक्षा सप्ताह पाळतात.