आगटी, कीर्तन आणि भट्टी: केडगाव-नगर परिसरातील सणसोहळ्यांचा इतिहास

अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या शहराच्या दक्षिणेला पुणे रस्त्यावर वसलेले केडगाव आता महानगरपालिकेच्या हद्दीतील उपनगर असले, तरी त्याची जुनी ओळख रेणुकामातेच्या मंदिराशी आणि तेथे भरणाऱ्या नवरात्राच्या यात्रेशी जोडलेली आहे. (पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे प्रसिद्धीस आलेले केडगाव हे नव्हे, ते पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यात आहे.) रेणुका आणि तुळजाभवानी यांच्या उपासनेत गोंधळाला, म्हणजे संबळ आणि तुणतुण्याच्या साथीने रात्रभर चालणाऱ्या गायन-कथनाला, मानाचे स्थान आहे. लग्नकार्य पार पडले की घरी गोंधळ घालण्याची प्रथा असल्यामुळे देवीचे स्तवन, कथा, नकला, गाणे आणि आप्तेष्टांचे जेवण या गोष्टी एकाच रात्रीत सामावत असत. भक्ती आणि रंजन यांच्यात भिंत न घालण्याची ही रीत या परिसरात इतकी खोलवर रुजलेली होती, की एकोणिसाव्या शतकात समुद्रापलीकडून आलेल्या ख्रिस्ती धर्मालाही येथे पाय रोवताना तीच स्वीकारावी लागली.

नगर जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेचा, कमी पावसाचा आणि ज्वारी-बाजरीचा असल्यामुळे येथील आनंदाचे स्वरूपही त्या पिकांनीच ठरवले. रब्बीची ज्वारी मार्गशीर्ष-पौषात दाणे धरते, त्यांत चीक भरतो, आणि दाणा कडक होण्यापूर्वीच्या मोजक्या दिवसांत हुरडा खाल्ला जातो. त्यासाठी शेतातच उथळ खड्डा करून त्यात गोवऱ्यांचा विस्तव केला जातो. हीच आगटी होय. तिच्या रसरशीत निखाऱ्यांत आणि गरम राखेत कणसे खुपसून भाजायची, भाजलेले कणीस हातावर चोळून दाणे मोकळे करायचे, फोलपट फुंकून टाकायचे आणि ते गरम दाणे शेंगदाण्याची चटणी, गूळ किंवा दह्याबरोबर खायचे, असा हा क्रम असतो. गूळभेंडी आणि सुरती यांसारखे ज्वारीचे वाण हुरड्यासाठी विशेष आवडीचे, कारण त्यांचे दाणे गोड असतात आणि बोंडातून सहज सुटतात. हुरडा एकट्याने खाण्याचा पदार्थच नव्हे, कारण भाजणारा, चोळणारा आणि वाटणारा असे अनेक हात त्याला लागतात, आणि दाणे थंड झाले की त्यांची चव जाते. म्हणूनच शेताच्या मालकाने मित्रांना, सोयऱ्यांना आणि शेजाऱ्यांना आमंत्रण धाडणे हा हुरड्याच्या प्रथेचा उपचार नसून तिचा गाभाच आहे.

याच ऋतूत चंपाषष्ठी येते. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला खंडोबाचा षड्रात्र उत्सव संपतो, आणि चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे भरताच्या रूपाने पुन्हा पानात येते. त्याच्या जोडीला रोडगा, म्हणजे गव्हाच्या जाडसर कणकेचा गोळा गोवऱ्यांच्या आरात भाजून केलेली भाकर, नैवेद्याला असतो. भाजण्याचे हे ज्ञान महाराष्ट्राच्या अन्य भागांत अधिक नाजूक झालेले दिसते. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू कुटुंबांतील निनाव, पाठारे प्रभूंचे भानवले आणि कोकणातील काकडीचे धोंडस हे पदार्थ भांड्याखाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवून, म्हणजे दोन्ही बाजूंनी उष्णता देऊन शिजवले जात. आपल्याकडे भट्टी नव्हती म्हणून भाजकाम नव्हते, ही समजूत त्यामुळे चुकीची ठरते. खालून-वरून आच देण्याचे तत्त्व मराठी स्वयंपाकघराला पूर्वीपासून अवगत होते, आणि पुढे केक घरात आला तेव्हा तो याच वाटेने आला.

अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये नगरला आपले ठाणे उभारले. मुंबईत 1813 पासून कार्यरत असलेले हे मिशन न्यू इंग्लंडमधील काँग्रिगेशनल पंथाच्या, म्हणजे प्रत्येक मंडळीला स्वतंत्र मानणाऱ्या प्युरिटन परंपरेच्या, चर्चांनी चालवले होते, आणि या परंपरेचा एक विशेष येथे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. त्याच परंपरेच्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीने 1659 मध्ये नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड करणारा कायदा केला होता. तो 1681 मध्ये मागे घेतला गेला, तरी नाताळाला सार्वजनिक सुट्टीचा दर्जा त्या राज्यात 1856 पर्यंत मिळाला नव्हता. नगरला आलेल्या पहिल्या पिढीच्या मिशनरींना म्हणूनच थाटामाटाच्या नाताळाचा वारसा घरून मिळालेला नव्हता. नगरच्या नाताळात पुढे जो रंग भरला, त्याचे मोठे श्रेय आपल्या गावचे सण, गाणी आणि फराळ सोडण्यास तयार नसलेल्या येथील माणसांना द्यावे लागते, आणि मिशनच्या इतिहासात हे श्रेय पुरेशा स्पष्टपणे दिले गेलेले नाही.

संगीताच्या बाबतीत हा बदल अधिक ठळकपणे दिसतो. आरंभी उपासनेत इंग्रजी स्तोत्रांचे मराठी अनुवाद मूळच्या पाश्चात्त्य चालींवर गायले जात. 1842 मध्ये नगरहून सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचे पहिले संपादक हेन्री बॅलंटाइन यांनीही अशी पुष्कळ गीते रचली. पण मराठी शब्दांचे आघात परक्या चालीत बसवताना ओढाताण होई, आणि ऐकणाऱ्याच्या मनाला ते गाणे आपले वाटत नसे. 1860 नंतरच्या दशकात नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी कीर्तन स्वीकारले, ही या दृष्टीने फार महत्त्वाची घटना होय. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण आणि उत्तररंगात त्याचे आख्यान असते, आणि ओवी, साकी, दिंडी, आर्या अशा छंदांतील पदे झांजा, चिपळ्या व मृदंगाच्या साथीने गायली जातात. हा सारा साचा कायम ठेवून आख्यान तेवढे बायबलमधील घेण्यात आले. कृष्णराव सांगळे यांसारख्या नगरच्या कवि-कीर्तनकारांनी ही परंपरा जोपासली. मंडळीतील बहुसंख्य लोक ज्या महार आणि मांग समाजांतून आले होते, त्यांच्याकडे एकतारीवरील भजनाचा, डफाचा आणि हलगीचा पिढीजात वारसा होता, आणि ज्यांना देवळाच्या सभामंडपात कीर्तन ऐकण्यासही मज्जाव होता, तेच आता कीर्तनाच्या मध्यभागी उभे राहू लागले. प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’ (1940) या चित्रपटात ज्ञानेश्वरांची भूमिका करणारे आणि अनेक चित्रपटांत श्रीकृष्ण म्हणून घराघरांत पोहोचलेले शाहू मोडक हे नगरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातच 1918 मध्ये जन्मले, हे या पार्श्वभूमीवर योगायोगापेक्षा अधिक अर्थपूर्ण ठरते.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी हे काम कळसास नेले. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेऊन नगरला आल्यावर त्यांनी अभंग आणि ओवीच्या वळणाची शेकडो पदे रचली, आणि त्यांतील अनेक ‘उपासना-संगीत’ या गीतसंग्रहातून आजही मराठी चर्चांत गायली जातात. टिळकांचे घर मित्रांचे, कवींचे आणि निराश्रितांचे घर होते. बालकवी ठोंबरे यांचे वास्तव्य काही काळ याच कुटुंबात होते. या मोकळ्या दाराची किंमत स्वयंपाकघरात मोजावी लागे, आणि ती कोण मोजत असे हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातून समजते. टिळकांच्या धर्मांतरामुळे दुरावलेल्या लक्ष्मीबाईंनी पतीकडे परत आल्यावरही काही काळ आपला स्वयंपाक आणि पाणी सोवळ्यात वेगळे ठेवले होते. माणसामाणसांतील भेद देवाने केलेला नाही ही जाणीव झाल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निर्णय घेतला, आणि त्यानंतर 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या आयुष्यात सहभोजन आधी आले आणि धर्मांतर नंतर, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

चर्चमधील प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाच्या स्मरणार्थ एकाच भाकरीचे तुकडे आणि एकाच प्याल्यातील द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी, या समाजात केवळ धार्मिक राहूच शकत नव्हता. ब्राह्मण कुळातून आलेला आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतून आलेला अशा दोघांनी एका ताटातील भाकर घेणे ही त्या काळी अतिशय धाडसाची कृती होती. नाताळाच्या पंगतीला जो आनंद होता, त्यात या धाडसाचा वाटा मोठा होता. गोड पदार्थ कोणता होता यापेक्षा तो कोणाच्या शेजारी बसून खाल्ला, याला महत्त्व होते.

पदार्थ मात्र बहुतांशी दिवाळीचेच राहिले. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, चिवडा आणि लाडू हा नाताळचा फराळ नगरच्या ख्रिस्ती घरांत पक्का झाला, आणि तो शेजारच्या हिंदू व मुसलमान घरी ताटात झाकून पाठवण्याची, तसेच दिवाळी आणि ईदला उलट ताट स्वीकारण्याची देवघेवही रुळली. त्यात हळूहळू भर पडली ती नानकटाईची आणि केकची. 1803 मध्ये नगरचा किल्ला इंग्रजांनी जिंकल्यानंतर भिंगारला लष्करी छावणी वसली, गोऱ्या सैनिकांबरोबर पावाची गरज आली, आणि 1878 मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाल्यावर बाहेरचा माल येणे सुकर झाले. तरीही ज्वारीच्या या मुलखात मैदा आणि साखर सणापुरतीच परवडे. घरी भट्टी नसलेल्या कुटुंबांनी त्यावर काढलेला उपाय महाराष्ट्रातील अनेक गावांत एकसारखाच दिसतो. मैदा, रवा, साखर आणि तूप घरून मोजून न्यायचे, बेकरीतच ते फेसून नानकटाईचे गोळे वळायचे, पत्र्यांवर मांडायचे, आणि दिवसाचा पाव निघाल्यावर उरलेल्या मंद आचेत ते भाजून घेऊन कारागिराला मजुरी द्यायची, अशी ही पद्धत होती. पावाच्या भट्टीची उष्णता विटांत साठून राहते आणि सावकाश उतरते. पावाला लागणारी तीव्र आच ओसरल्यानंतरची ही ऊब नानकटाईला नेमकी मानवते, कारण तिला रंग चढण्यापूर्वी आतपर्यंत खुसखुशीत व्हायचे असते. सणाच्या आधीच्या दिवसांत बेकरीपुढे डबे घेऊन बसलेल्या बायका-मुलांचा तो घोळका हाही सोहळ्याचाच भाग असे.

केकसाठी मात्र घरातच युक्ती करण्यात आली. जाड बुडाच्या पातेल्यात वाळूचा थर पसरून तापवायचा, त्यावर तूप लावलेला डबा ठेवायचा आणि झाकणावर निखारे घालायचे, ही निनाव आणि धोंडसाचीच रीत होती. दरम्यान स्वयंपाकाचे ज्ञान छापील पुस्तकांतही उतरू लागले: रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ हे मराठीतील आद्य पाकपुस्तक 1875 मध्ये निघाले, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ विसाव्या शतकाच्या आरंभी, आणि कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ 1970 मध्ये. पुढे विजेचा गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन मध्यमवर्गीय घरांत शिरला आणि वाळूचे पातेले मागे पडले, तरी शिटी आणि रिंग काढलेल्या प्रेशर कुकरमध्ये केक भाजण्याच्या रूपाने ते अनेक घरांत टिकून राहिले. केडगावच्या आसपासच्या वस्त्यांत आज वाढदिवसाचा केक आणि नाताळाची नानकटाई घरच्या ओव्हनमध्ये होते, शहराच्या परिसरातील शेतांत त्याच डिसेंबर-जानेवारीत हुरड्याच्या आगट्या पेटतात, आणि नगरच्या चर्चमध्ये नाताळाच्या भजनांना पेटी, तबला आणि झांज यांची साथ असते.