ठेवींची हमी: कँटनमार्गे अकोला

बँक बुडाली तरी ठेवीदाराला ठराविक रक्कम मिळतेच, ही सोय आपल्याकडे १ जानेवारी १९६२ पासून आहे. तेव्हा मर्यादा १,५०० रुपयांची होती, आज ती पाच लाखांची आहे. तिचं तात्कालिक कारण १९६० सालचं. त्या वर्षी केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, देशभरचे ठेवीदार धास्तावले आणि पुढच्याच वर्षी संसदेनं ठेव विमा महामंडळाचा कायदा केला. नमुना होता अमेरिकेचा. तिथे १९३३ च्या कायद्यानं ठेवींना संरक्षण मिळालं आणि १९३४ च्या पहिल्या दिवसापासून अडीच हजार डॉलरपर्यंतची ठेव सुरक्षित झाली. बहुतेक पाठ्यपुस्तकं एवढं सांगून थांबतात.

खरी गंमत त्याच्याही शंभर वर्षं मागे आहे. १८२९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या बऱ्याच बँकांच्या सनदा संपत आल्या होत्या. मार्टिन व्हॅन ब्यूरेन हे गव्हर्नर होते. त्यांच्यापुढे जोशुआ फोर्मन यांनी एक योजना मांडली. हे सिरॅक्यूज शहराचे संस्थापक आणि एरी कालव्याचे खंदे पुरस्कर्ते. योजना अशी, की राज्यातल्या सनदी बँकांनी दरवर्षी भांडवलाचा अर्धा टक्का एका निधीत भरायचा, तो तीन टक्के होईपर्यंत. एखादी बँक बुडाली तर तिची देणी या निधीतून भागवायची. आणि ही कल्पना सुचली कुठून, हेही फोर्मन यांनीच लिहून ठेवलं आहे. चीनमधल्या कँटन बंदरातल्या हाँग व्यापाऱ्यांवरून!

परदेशी लोकांशी व्यापार करण्याचा मक्ता कँटनमध्ये सरकारनं मोजक्याच पेढ्यांना दिला होता. प्रत्येकाची पेढी वेगळी, नफा वेगळा. मात्र एकाचं दिवाळं निघालं की त्याचं परकीयांचं देणं उरलेल्या सगळ्यांनी मिळून फेडायचं. त्यासाठी व्यापारावर पट्टी बसवून सामाईक निधी उभा केलेला असे.

चिनी दरबारानं ही जबाबदारी व्यापाऱ्यांच्या गळ्यात का घातली, याचा माग काढताना मी थेट मद्रासला पोचलो. अठराव्या शतकात मद्रासचे इंग्रज आपला खासगी पैसा चढ्या व्याजानं कँटनच्या व्यापाऱ्यांना देत. व्याजावर व्याज चढून डोंगर झाला आणि वसुली थांबली. तेव्हा या सावकारांनी आरमाराकडे धाव घेतली. १७७९ मध्ये कॅप्टन पँटन त्यांचे दावे घेऊन कँटनला गेला. पुढच्या वर्षी सम्राट च्येनलुंगच्या दरबारानं निकाल दिला. दोन कर्जबुडव्या व्यापाऱ्यांना वायव्य सीमेवरच्या इलीला हद्दपार केलं आणि त्यांचं कर्ज बाकीच्यांनी दहा वर्षांच्या हप्त्यांनी फेडायचं ठरलं. (मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करायला चिनी कायद्यातही मनाई होती, आपल्या दामदुपटीचाच तो नियम.) म्हणजे ज्या हमीच्या जोरावर आज आपण निर्धास्तपणे मुदत ठेव ठेवतो, तिच्या वंशवेलीच्या मुळाशी मद्रासच्या सावकारांचा पैसा आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की एकमेकांना जामीन राहणं ही कुठल्याही व्यापारी समाजाची रीत आहे. त्यासाठी चीनला कशाला जायला हवं? मला हे पटत नाही. महाजनांची जामीनकी आपखुशीची असते. कँटनमधली सक्तीची होती आणि मक्त्याची किंमत म्हणून वसूल केलेली होती. फोर्मन यांनी नेमका हाच सौदा उचलला. नोटा काढून नफा कमावण्याचा खास हक्क बँकांना राज्य देतं, तर त्या हक्काचा भार सगळ्यांनी मिळून वाहायला हवा. सिरॅक्यूजच्या माणसाला कँटनची ही बारकाई कशी कळली? १७८४ पासून न्यूयॉर्कची जहाजं तिथे जात होती. हाँग व्यापाऱ्याकडे उधारी ठेवलेला एखादा न्यूयॉर्कचा व्यापारीच त्यांना भेटला असणार, याबद्दल माझ्या मनात फारशी शंका नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. न्यूयॉर्कचा निधी १८६६ मध्ये संपला आणि १९३३ चा कायदा त्यानंतर सदुसष्ट वर्षांनी आला. चार्ल्स कॅलोमिरिस आणि यूजीन व्हाइट या अर्थतज्ज्ञांच्या मते १९३३ चा विजय लहान बँकांच्या राजकारणाचा होता. खुद्द रूझवेल्ट यांना ही हमी नको होती. हे सगळं खरं आहे. पण त्या राजकारणानं विधेयक मंजूर कसं झालं एवढंच कळतं, आराखडा कुठून आला ते कळत नाही. बँकिंगचे अभ्यासक कार्टर गोलेम्बे यांनी १९६० मध्येच, म्हणजे अकोल्याची बँक बुडाली त्याच वर्षी, हा धागा १८२९ पर्यंत नेऊन जोडला होता. १९३३ च्या आधीच्या अर्धशतकात अमेरिकी काँग्रेससमोर अशा हमीचे दीडशे प्रस्ताव आले आणि १९०७ च्या आर्थिक संकटानंतर ओक्लाहोमानं स्वतःची योजना काढली. मध्यंतरी निधी नव्हता, पण कल्पना कधीच विस्मरणात गेली नव्हती.

वारशात दुखणंही आलं. कँटनमध्ये दुसरा कुणीतरी फेडेलच या भरवशावर परकीय व्यापारी कमकुवत पेढ्यांनाही मोकळ्या हातानं उधार देत राहिले. भुर्दंड पडला हौक्वासारख्या धनाढ्य हाँग व्यापाऱ्यांवर. १८३७ च्या सुमारास हिंगताईची पेढी वीस लाखांहून जास्त डॉलरचं देणं ठेवून बुडाली. १८४२ मध्ये अफूच्या युद्धानंतरच्या तहानं ही सगळी व्यवस्थाच मोडीत काढली. नेमक्या त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये लागोपाठच्या दिवाळखोरीनं निधी रिता झाला आणि विधिमंडळानं ठेवींची हमी काढून घेतली. संरक्षण उरलं फक्त नोटांना. बँकांची दप्तरं तपासणारे आयुक्त नेमण्याची सुधारणा फोर्मन यांच्या योजनेत होती, तरीही.

ही हमी असावीच, असं माझं ठाम मत आहे. नुसत्या घबराटीनं धडधाकट बँकही बुडू शकते, हे डग्लस डायमंड आणि फिलिप डिबविग यांनी १९८३ मध्ये गणितानं दाखवलं. २०२२ च्या नोबेल पुरस्कारात त्याचा वाटा आहे. माझं भांडण हप्त्याच्या दराशी आहे. न्यूयॉर्कमध्ये भक्कम आणि डळमळीत बँक भांडवलावर एकच अर्धा टक्का भरत होती. आपण १९६२ मध्ये शंभर रुपयांच्या ठेवीमागे ५ पैसे लावले, तेही सरसकट. पुढे सहकारी बँकाही या छत्राखाली आल्या. २०१९ मध्ये मुंबईच्या पीएमसी बँकेचे ठेवीदार रस्त्यावर आले आणि त्यानंतर काही महिन्यांतच मर्यादा एका लाखावरून पाच लाखांवर गेली. हप्ता १० पैशांचा १२ पैसे झाला. तेव्हाही तो चोख कारभाराच्या बँकेला आणि ढिसाळ कारभाराच्या बँकेला सारखाच होता.