चषकातील थेंबाची कुळकथा

मिस्सेत अर्पणाच्या वेळी फादर चषकात द्राक्षारस ओततात, त्यात पाण्याचा एखादा थेंब सोडतात आणि पहिल्या बाकावरही ऐकू न जाणारी जी प्रार्थना पुटपुटतात, तिच्यात माणसाला ख्रिस्ताच्या ईश्वरत्वात वाटा मिळावा असे निःसंदिग्ध मागणे आहे. म्हणूनच, मानवाच्या दिव्यीकरणाचा सिद्धान्त पूर्वेच्या ऑर्थोडॉक्सांनी राखला आणि पश्चिमेने गमावला, हा प्रवाद मला मान्य नाही.

द्राक्षारसात पाणी घालणे ही मुळात भूमध्यसागरी घरांची रीत, आणि कित्येक अभ्यासक एवढ्यावरच थांबतात. परंतु तिसऱ्या शतकात कार्थेजच्या सिप्रियनने पाणी म्हणजे प्रजा, द्राक्षारस म्हणजे ख्रिस्त, असा अर्थ लावला. प्रार्थना मात्र निराळ्या कुळातली. प्राचीन रोमन संग्रहात ती नाताळची आहे व तीत पाण्याचे नावही नाही. सिप्रियन मुखोद्गत असलेल्या कोणा उपासकाने ती चषकापाशी आणली असावी, असा माझा पक्का तर्क आहे. रोमने १५७० च्या मिस्सलात, म्हणजे मिस्सेच्या प्रार्थनाग्रंथात, ती कायम केली. १९७० च्या मिस्सलाने नाताळचा भाग नाताळला परत दिला, थेंबापाशी केवळ मागणे ठेवले.

येथे अद्वैताशी गल्लत करू नये. थेंब विरतो खरा, पण निर्माता आणि निर्मित यांतला भेद या सिद्धान्तात कायम राहतो.

पवईला, सिरो-मलबार चर्चच्या, १९८८ साली धर्मप्रांत म्हणून स्थापन झालेल्या कल्याणच्या मुख्यालयात, हेच पाणी ओतताना क्रुसावरील ख्रिस्ताच्या कुशीतून निघालेल्या रक्त-पाण्याचे स्मरण करतात. या अर्थाला शुभवर्तमानाचा आधार आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु तेथे दोन्ही बाहेर वाहतात, सिप्रियनचे पाणी आत शिरते. आर्मेनियन लोक पाणी मिसळतच नाहीत. त्यावरून ६९२ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने त्यांना दोष दिला आणि १४३९ साली फ्लॉरेन्सला ऐक्याच्या करारात त्यांना ते मिसळण्याची ताकीद झाली. एका थेंबापायी एवढी तेढ!

माझ्या बाजूचा सर्वांत बळकट साक्षीदार विरोधी पक्षातून येतो. १५२३ साली ल्यूथरने, सक्ती न करता, निर्भेळ द्राक्षारसाकडे कौल दिला. कारण सांडले ते एकट्या ख्रिस्ताचे रक्त, त्यात आमचे मिसळलेले नाही, असे त्याचे म्हणणे होते. म्हणजे पाणी म्हणजे आपण, हे त्यालाही ठाऊक होते.