बीजगणिताचं जुनं पुस्तक तपासायचं कसं?

‘पाठ्यपुस्तकांचं मूल्यमापन’ हा विषय घेऊन संशोधनाकडे वळणारे बरेच विद्यार्थी आधी एक तक्ता तयार करतात. भाषा सोपी आहे का, सोडवलेली उदाहरणं किती, स्वाध्याय किती, चित्रं आहेत का, आणि प्रत्येकाला पाचपैकी गुण. आजच्या पुस्तकापुरता हा तक्ता ठीक आहे. पण तोच दीडशे वर्षांपूर्वीच्या बीजगणिताला लावला, तर ते पुस्तक नापास होतं आणि आपल्या हाती काहीच लागत नाही. मग करायचं काय? आपल्या नगर जिल्ह्याशी नातं असलेल्या एका माणसापासून सुरुवात करू.

नेवासे तालुक्यात प्रवरा-गोदावरीच्या संगमाजवळ टोके गाव आहे. बापूदेव शास्त्री (जन्म १८२१) यांचं घराणं इथलं. ते नागपुरात भास्कराचार्यांची लीलावती आणि बीजगणित शिकले. पुढे भोपाळजवळ सिहोरच्या संस्कृत पाठशाळेत लान्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या आश्रयाने त्यांचं शिक्षण झालं, आणि १८४२ मध्ये ते बनारसच्या संस्कृत कॉलेजात शिकवू लागले. तिथे त्यांनी हिंदीत बीजगणित लिहिलं. त्याबद्दल सरकारने त्यांना रोख बक्षीस आणि शाल दिली.

इथे पहिला धडा. बक्षीस हेही मूल्यमापनच, पण ते कोणी केलं? सरकारने. सरकारला देशी भाषेत छापील पुस्तकं हवी होती आणि ती गरज या पुस्तकाने भागवली. त्यातून मुलांना समीकरण समजलं की नाही, हे बक्षिसावरून कळत नाही. मंजुरीचे हुकूम, छापलेल्या प्रतींचे आकडे, बक्षिसं ही साधनं मागणाऱ्याची गरज सांगतात, शिकणाऱ्याची समज नाही. दोन्हींची गल्लत झाली की प्रबंध तिथेच घसरतो.

दुसरं उदाहरण आपल्या मुंबई इलाख्यातलं. ऑगस्टस डी मॉर्गन यांचं इंग्रजी बीजगणित १८३५ मध्ये लंडनला निघालं. कर्नल जॉर्ज जर्व्हिस यांनी इथल्या सहकाऱ्यांच्या मदतीने ते मराठीत आणलं आणि १८४८ मध्ये ते मुंबईत छापलं गेलं. हे साल लक्षात ठेवा. उच्च शिक्षण इंग्रजीत द्यायचं की देशी भाषांत, यावरून तेव्हा मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये अध्यक्ष अर्स्किन पेरी आणि जर्व्हिस यांच्यात कडाक्याचा वाद चालू होता. जगन्नाथ शंकरशेट जर्व्हिसच्या बाजूने होते. माझ्या मते हे पुस्तक त्या वादापासून वेगळं काढून वाचताच येत नाही. मराठीत एवढं गणित मावतं, हे दाखवणारा तो छापील पुरावा होता. म्हणून त्याची भाषा जड आहे म्हणून गुण कापण्याआधी, ते नक्की कोणाला पटवायला निघालं होतं ते विचारा.

गंमत म्हणजे हेच पुस्तक १८५९ मध्ये शांघायला चिनी भाषेत आलं. तिथे अनुवादकांनी अज्ञात राशींसाठी इंग्रजी अक्षरं न घेता स्वर्ग, पृथ्वी, मनुष्य या अर्थांची चिनी चिन्हं वापरली. आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावं वापरली होती. म्हणजे चिन्हं कोणती घ्यायची हासुद्धा एक अध्यापकीय निर्णय असतो आणि तोही तपासायचा असतो.

मग पुस्तकाच्या आत शिरायचं कसं? माझा सल्ला असा की अख्खं पुस्तक मोजत बसू नका. एक गाठ निवडा आणि ती प्रत्येक पुस्तकात कशी सोडवली आहे ते पाहा. उदाहरणार्थ, ऋण संख्या.

भास्कराचार्यांच्या बीजगणितात एकाकडे ३०० रुपये आणि ६ घोडे आहेत, दुसऱ्याकडे १० घोडे आणि १०० रुपयांचं कर्ज. दोघांची संपत्ती सारखी, तर एका घोड्याची किंमत किती? उत्तर १००. इथे ऋण म्हणजे सरळ कर्ज. मुलाला ते घरातून माहीत असतं. पण त्याच ग्रंथात माकडांच्या कळपाच्या उदाहरणात ५० आणि ५ अशी दोन उत्तरं येतात. ५ घेतलं तर मधल्या पायरीत माकडांची संख्या ऋण होते, म्हणून ते सोडून दिलं आहे.

डी मॉर्गन यांनी १८३१ च्या एका पुस्तकात वेगळी वाट धरली. बापाचं वय ५६, मुलाचं २९. बाप मुलाच्या दुप्पट वयाचा कधी होईल? उत्तर येतं उणे २. ते म्हणतात, उत्तर टाकू नका, प्रश्न बदला: ‘होईल’ नव्हे, दोन वर्षांपूर्वी ‘होता’.

आता दहावीचं ‘गणित भाग १’ उघडा. वर्गसमीकरणाच्या शाब्दिक उदाहरणात ऋण मूळ आलं की ‘वय ऋण नसते’ असं लिहून आपण पुढे सरकतो. परीक्षेला ते पुरतं. पण ते उत्तर आलंच का, हे मुलाला कुठे सांगितलं जातं? ही जागा तक्त्यातल्या गुणांत कधीच दिसत नाही.

तेव्हा पुस्तक हातात घेतलं की तीन प्रश्न वेगवेगळ्या वहीत लिहा. हे पुस्तक कोणी, कशासाठी मागवलं? अवघड जागी ते मुलाला कसं सोबत नेतं? आणि वर्गात ते खरंच कसं वापरलं गेलं? तिसऱ्याचं उत्तर छापील पानात नसतं. शाळांचे जुने शेरेबुक, तपासनिसांचे शेरे, कोणाच्या माळ्यावर पडलेली गणिताची वही यांत ते सापडतं. आपल्या जिल्ह्यात जुन्या शाळा भरपूर आहेत. शेरेबुकं रद्दीत जायच्या आत तिथे जाऊन या.