क्रोध, बुद्धि आणि विवेक



मनोविकार म्हणजे केवळ शत्रु, असें कित्येक मानतात. अंतःकरणांत भक्ति असली म्हणजे विवेकाची गरज नाहीं, असें इतर कित्येकांना वाटतें. हीं दोन्ही मतें किती एकांगी आहेत, हें संत इग्नेशियस लोयोला यांच्या चरित्रावरून कळतें.

इ. स. १५२१ च्या मे महिन्यांत पांपलोनाच्या लढाईंत तोफेच्या गोळ्यानें त्यांचा पाय मोडला. रुग्णशय्येवर त्यांनीं ख्रिस्तचरित्र व संतचरित्रें वाचलीं. शौर्याच्या व मानमरातबाच्या मनोराज्यांत मन रमे खरें, पण मागाहून तें कोरडें राही. संतांच्या अनुकरणाच्या विचारानें लाभलेला आनंद मात्र टिके. अशा रीतीनें आपल्याच भावना पारखावयास ते शिकूं लागले.

परंतु ही विद्या एका दिवसांत येत नाहीं. १५२२ सालीं मोन्सेराटकडे जातांना वाटेंत एका मूर गृहस्थाशीं पवित्र मरियेच्या कौमार्याविषयीं त्यांचा वाद झाला. तो पुढें निघून गेल्यावर इग्नेशियस संतापले. त्यास गांठून कट्यारीनें भोंसकावें कीं सोडून द्यावें, याचा निर्णय होईना. अखेर त्यांनीं आपल्या खेंचराचा लगाम सैल सोडला. तें गांवाच्या वाटेस लागलें तर वार करावयाचा, राजमार्गास लागलें तर सोडून द्यावयाचें! ईश्वरी कृपेनें खेंचर राजमार्गास लागलें. भक्ति खरी होती, पण विवेक नव्हता. आणि त्यापायीं एका मनुष्याचा प्राण जावयाचा होता.

पुढें मान्रेसा येथील प्रार्थनेंत व तपांत हा विवेक परिपक्व होऊं लागला. त्याचें फळ म्हणजे ‘आध्यात्मिक साधना’ हा ग्रंथ. पोप तिसरे पॉल यांनीं त्यास १५४८ सालीं मान्यता दिली. त्यांतील शिकवण अशी: मन शांत असतां बुद्धीनें लाभहानि तोलावी, अनोळखी मनुष्यास याच प्रसंगीं आपण काय सल्ला दिला असता, आणि मरणसमयीं कोणत्या निर्णयानें समाधान वाटेल, हें स्वतःस विचारावें, मन उदास असतां पूर्वीचा शुभ निश्चय बदलूं नये, आणि झालेला निर्णय प्रार्थनेनें देवाच्या चरणीं ठेवावा. याच साधनेंतून घडलेले संत फ्रान्सिस झेवियर १५४२ सालीं गोव्यास आले.

बंधुभगिनींनो, शेताच्या बांधावरून, वांटणीवरून, मुलांच्या विवाहावरून आपल्याहि घरांत क्रोध पेटतो, आणि पुष्कळदां त्यास आपण धर्माचें नांव देतों. अशा वेळीं लगाम सोडूं नका. खेंचर प्रत्येक वेळीं राजमार्गासच लागेल, असा भरंवसा नाहीं. पवित्र आत्मा आपणां सर्वांस सुज्ञतेचें दान देवो.