मॅच एकच, टीव्ही वेगळा

पोस्ट जरा मोठी आहे, पण फुटबॉलच्या गावात राहतो आपण, त्यामुळे शेवटपर्यंत वाचाल असं धरून चालतो.

२१ नोव्हेंबर २०२२. कतारचा वर्ल्ड कप, इंग्लंड विरुद्ध इराण. राष्ट्रगीत सुरू झालं आणि इराणचे अकरा खेळाडू ओठ मिटून उभे राहिले. त्याआधी दोनच महिने तेहरानमध्ये पोलिसांच्या ताब्यात महसा अमिनी ही तरुणी मरण पावली होती आणि सगळा देश रस्त्यावर उतरला होता. खेळाडूंचं ते गप्प राहणं जगभर दिसलं. दिसलं नाही ते इराणच्या सरकारी टीव्हीवर. नेमक्या त्या वेळी तिथे खेळाडूंचे चेहरे जाऊन स्टेडियमचं लांबून घेतलेलं दृश्य आलं. मॅच इंग्लंडने ६-२ अशी जिंकली, ती मात्र सगळ्यांनी बघितली.

आता हे जमतं कसं? वर्ल्ड कपचं चित्रण प्रत्येक देशाचा चॅनल आपापले कॅमेरे लावून करत नाही. २००२ पासून फिफासाठी एचबीएस नावाची कंपनी ते काम करते. तिचे कॅमेरे, तिचे डायरेक्टर. तयार झालेलं चित्र सगळ्या देशांना जातं. म्हणजे कच्चा माल सगळ्यांना सारखाच. पुढे चॅनलच्या हातात राहतं काय, तर कॉमेंट्री, स्टुडिओतली चर्चा, मॅचच्या आधी आणि नंतर काय दाखवायचं आणि कुठल्या क्षणी दुसरीकडे वळायचं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण सगळा खेळ तिथेच होतो.

त्याच स्पर्धेत चीनमध्ये काय झालं बघा. तिथे कोविडचे कडक निर्बंध अजून चालू होते. लोक महिनोन् महिने घरात कोंडलेले, आणि टीव्हीवर कतारची हजारोंची गर्दी बिनमास्कची नाचतेय. सोशल मीडियावर लोक विचारायला लागले, आपण आणि ते एकाच ग्रहावर राहतो ना? त्यानंतर सरकारी सीसीटीव्ही वाहिनीवर प्रेक्षकांचे जवळून घेतलेले शॉट कमी झाले, त्यांच्या जागी खेळाडू आणि कोच दिसू लागले. एक शब्दही न बोलता गर्दी गायब केली.

मग वाटेल, ही हुकूमशाही देशांची गोष्ट. लोकशाहीत कसलं आलंय असलं? तर ब्रिटनकडे या. तिथे बीबीसी आणि आयटीव्ही वर्ल्ड कप वाटून दाखवतात. १९६६ ची फायनल तर दोघांनी एकाच वेळी दाखवली होती. १९७० ला आयटीव्हीने माजी-आजी खेळाडूंना स्टुडिओत बसवून वाद घालायला लावले. आज मॅचच्या आधी चार माणसं टेबलाभोवती बसून तावातावाने बोलतात ना, ती पद्धत तेव्हा रुजली. १९९० ला बीबीसीने पावारोत्तीचं ऑपेरा-गाणं शीर्षकसंगीत म्हणून लावलं आणि ज्या खेळाकडे तिथले शिष्ट लोक दंगलखोरांचा खेळ म्हणून बघायचे, त्याला दिवाणखान्यात जागा मिळाली. एका गाण्याने हे केलं!

याच बीबीसीने २०२२ चा उद्घाटन सोहळा आपल्या मुख्य चॅनलवर दाखवला नाही. तो ऑनलाइन ठेवला, आणि गॅरी लिनेकर स्टुडिओतून स्थलांतरित मजुरांचे हाल आणि मानवी हक्क यांवर बोलला. काहींनी कौतुक केलं. काहींनी विचारलं, एवढं वाटतं तर हक्क विकत कशाला घेतले? अरब जगात बऱ्याच जणांना हा दुटप्पीपणा वाटला. माझ्या मते प्रश्न दोन्ही बाजूंचे खरे आहेत. मजूर मेले हेही खरं, आणि सोहळा न दाखवणं ही सुद्धा एक निवडच, हेही खरं. फरक एवढाच की बीबीसीने काय वगळलं हे प्रेक्षकाला कळत होतं आणि त्यावर भांडता येत होतं. इराणमधल्या प्रेक्षकाला ती सोय नव्हती.

या सगळ्याचं मूळ शोधायचं तर १९७८ च्या अर्जेंटिनात जावं लागतं. तिथे जनरल व्हिदेलाची लष्करी राजवट होती. माणसं उचलून नेली जात आणि परत येत नसत. अशा बेपत्ता लोकांचा आकडा मानवी हक्क संघटना ३०,००० सांगतात. राजवटीने वर्ल्ड कपसाठी नवंकोरं टीव्ही केंद्र उभारलं. त्यातून रंगीत चित्र जगाला गेलं. अर्जेंटिनातल्या लोकांनी मात्र आपलीच टीम ब्लॅक अँड व्हाइटमध्ये बघितली, कारण तिथे रंगीत प्रसारण १९८० ला सुरू झालं. रंग पाहुण्यांसाठी होता. ज्या मैदानावर फायनल झाली, त्याच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर नौदलाच्या शाळेत छळछावणी होती. गोल झाल्यावरचा जल्लोष आत ऐकू यायचा, असं वाचलेल्या कैद्यांनी पुढे सांगितलं.

१ जून १९७८, गुरुवार. उद्घाटनाचा दिवस. जगाचे कॅमेरे स्टेडियमवर. हॉलंडचे काही पत्रकार मात्र प्लाझा दे मायो या चौकात गेले. तिथे डोक्याला पांढरे रुमाल बांधलेल्या आया दर गुरुवारी आपल्या बेपत्ता लेकरांसाठी फेरी मारायच्या. त्या कॅमेऱ्यासमोर बोलल्या, आणि त्यांचं रडणं युरोपातल्या घरांत पोचलं. त्या आयांनी डच टीव्हीचे आभार पुढे कित्येक वर्षं मानले. एक कॅमेरा दुसरीकडे वळवला, एवढंच केलं होतं त्यांनी.

टीव्ही फक्त दाखवत नाही, खेळाची वेळही ठरवतो. १९७० आणि १९८६ च्या मेक्सिकोतल्या फायनल भर दुपारी १२ वाजता झाल्या, कारण तेव्हा युरोपात संध्याकाळ असते. मॅराडोना आणि वाल्दानो यांनी उन्हाबद्दल उघड तक्रार केली. ऐकतो कोण? १९९४ ची अमेरिकेतली फायनलही तळपत्या दुपारी झाली. आपण ती रात्री एक वाजता बघितली, पेंगत पेंगत.

आणि आपण? दूरदर्शनने आपल्याला मॅराडोना दाखवला, त्याचं ऋण मोठं. त्यावरच कोल्हापूरच्या तालमींत आणि गडहिंग्लजच्या मैदानांवर एक अख्खी पिढी ब्राझील-अर्जेंटिना करत मोठी झाली. २०२२ ला वर्ल्ड कप मोबाइलवर फुकट आला. कॉमेंट्री इंग्रजी, हिंदी, तमिळ, मल्याळम आणि बंगालीत. मराठी नाही. शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचला पाय ठेवायला जागा मिळत नाही, पण त्या प्रेक्षकाला त्याच्या भाषेत ऑफसाइड सांगणारा आवाज नाही. बाजाराच्या हिशेबात आपण बसलो नाही, कारण आपण मागितलंच नाही.

मी तालुक्याचा पत्रकार. जागतिक टीव्हीशी माझा काय संबंध, असं कुणी म्हणेल. पण पाणीयोजनेच्या उद्घाटनाला गेलो की हाच प्रश्न समोर असतो. कॅमेरा स्टेजवरच्या फितीकडे धरायचा, की मांडवाबाहेर रिकामी घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईकडे? दोन्ही फोटो खरेच. पण दुसऱ्या दिवशी गावाला काय दिसणार, ते त्या एका निवडीवर ठरतं.

म्हणून पुढची मॅच बघताना गोल तर बघाच, पण कॅमेरा अचानक कुठून कुठे वळला हेही बघा. आणि आपल्या लोकल चॅनलवर, पेपरात (माझ्यासकट) काय दिसलं नाही, ते विचारत जा.

मराठी कॉमेंट्री हवी का? कमेंटमध्ये लिहा.